पितळी मुलाम्याखालची मोटर : जुन्या घाटाच्या नव्या पंख्यांविषयी

माझ्या घरात तीन खोल्यांत छताचे तीन पंखे आहेत आणि दारातून पाहणाऱ्याला ते तिन्ही एकाच जमान्यातले वाटतात : चार रुंद लाकडी पाती, घंटेच्या आकाराचे कवच, वर वाटी आणि मधे सरळ दांडी. प्रत्यक्षात त्यांतला एकच खरोखर जुना आहे. तो बिडाच्या कवचाचा, बेअरिंगसाठी तेलाची कुपी असलेला आणि माझ्यापेक्षा वयाने बराच मोठा. उरलेले दोन जुन्या घाटाचे, पण नव्याने घडवलेले आहेत. आणि त्या दोघांतही इतके अंतर आहे की त्यांना एकाच प्रकारात बसवावे का, असा प्रश्न मला पडतो. त्यांतला पहिला मी निव्वळ रूपावर भाळून घेतला. दुसरा घेण्यापूर्वी मात्र पहिल्याने शिकवलेले सगळे प्रश्न विचारले. हे टिपण त्या प्रश्नांविषयी आहे.

पहिल्या पंख्याचे खोके उचलताना झालेला आनंद मला अजून आठवतो. ते चांगलेच जड होते, आणि जड वस्तू म्हणजे भक्कम वस्तू हे समीकरण मनात इतके खोल रुजलेले असते की त्यापुढे मी काही तपासलेच नाही. पंखा टांगला, चालू केला, आणि पहिल्याच रात्री लक्षात आले की पाती डौलात फिरत असली तरी खाली वारा म्हणावा तसा येत नाही. काही महिन्यांनी त्यात एक बारीक गुणगुण सुरू झाली. ती वाढत गेली, तेव्हा पंखा उतरवून मी तो मोटरीची तार भरणाऱ्या, म्हणजे वाइंडिंगचे काम करणाऱ्या एका अनुभवी कारागिराकडे नेला. त्यांनी खालची वाटी काढली, कवच सोडवले, आतली मोटर हातावर तोलून पाहिली आणि म्हणाले, “यात तार नाही ताई, नुसता पत्रा आहे.” मग आम्ही सुटे भाग वेगवेगळे तोलले. एकूण साडेनऊ किलोंपैकी मोटर जेमतेम तीन किलो भरली. बाकीचे वजन कवच, वाट्या, दांडी, पात्यांना धरणारे आकडे आणि शोभेच्या कड्या यांचे होते.

जुन्या घाटाच्या पंख्यांविषयी मला जे म्हणायचे आहे ते सगळे या तोलण्यात आले. पंखा जड आहे का, हे विचारून काही कळत नाही. त्याचे वजन कुठे आहे, हे विचारावे लागते. जुन्या पंख्याचे वजन मोटरीत असे आणि कवच मोटरीला बेतून केलेले असे. नव्या पंख्यात पुष्कळदा कवच आधी ठरते आणि त्यात मावेल, नव्हे परवडेल, ती मोटर मागाहून बसवली जाते. माझ्या पंख्यात 30 सेंटिमीटर व्यासाच्या घंटेत मोटर अशी बसली होती, की मोठ्या डब्यात तळाशी उरलेला एकच लाडू.

मोटरीचा आकार या धंद्यात दोन आकड्यांत सांगतात : स्टेटरच्या, म्हणजे मोटरीच्या न फिरणाऱ्या भागाच्या, पत्र्यांचा व्यास आणि त्या पत्र्यांच्या थप्पीची उंची, दोन्ही मिलिमीटरमध्ये. 153 × 12, 172 × 14, 188 × 20 अशी मापे नेहमी कानावर पडतात. पहिला आकडा वाढला की फिरवण्याचा जोर वाढतो, कारण तोच रेटा अधिक लांबीच्या तरफेवर लागतो. दुसरा वाढला की चुंबकीय क्षेत्राला वाट अधिक मिळते. माझ्या पहिल्या पंख्यात 153 × 12 ची मोटर होती. साध्या, कमी रुंदीच्या धातूच्या पात्यांसाठी ती चालून जाते. चार रुंद लाकडी पात्यांसाठी ती अपुरी आहे, आणि ही गोष्ट पंखा बनवणाऱ्याला माहीत नसेल असे मी मानत नाही. खोक्यावर मात्र या मापाचा उल्लेख नव्हता. तेथे पात्यांचा घेर, म्हणजे पाती फिरतात त्या वर्तुळाचा व्यास, होता, वॅट होते, आणि ‘पुरातन पितळी झळाळी’ होती.

अपुरी मोटर म्हणजे नेमके काय होते, हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण बहुतेक तक्रारींचे मूळ येथे आहे. छताच्या साध्या पंख्यात इंडक्शन मोटर असते. तिच्यातले चुंबकीय क्षेत्र एका ठरावीक वेगाने फिरते आणि तो वेग विजेची वारंवारता आणि मोटरीतल्या चुंबकीय ध्रुवांची संख्या यांवरून ठरतो : 120 ला वारंवारतेने गुणायचे आणि ध्रुवांच्या संख्येने भागायचे. 50 हर्ट्झच्या विजेवर 16 ध्रुवांच्या मोटरीत हे क्षेत्र मिनिटाला 375 फेरे घेते, 18 ध्रुवांच्या मोटरीत 333. वीज 60 हर्ट्झची असेल तर 18 ध्रुवांना 400. पाती मात्र या क्षेत्राच्या मागे रेंगाळत फिरतात. या रेंगाळण्याला स्लिप म्हणतात, आणि इंडक्शन मोटरीचा एक निर्दय नियम असा की फिरत्या भागाकडे पोहोचलेल्या शक्तीचा जितका हिस्सा स्लिपचा, तितका हिस्सा तिथल्या तिथे उष्णता होऊन वाया जातो. माझा पंखा पूर्ण वेगात मिनिटाला 195 फेरे घेत होता. 18 ध्रुवांच्या मोटरीसाठी हे रेंगाळणे 41 टक्के झाले. म्हणजे पात्यांपर्यंत जाण्याआधीच पाचांतले दोन भाग मोटर तापवण्यात खर्च होत होते, आणि वाइंडिंगमधले नुकसान त्याहून वेगळे.

मोटर दुबळी असली की पंखा बनवणाऱ्यापुढे एकच सोपी वाट उरते : पात्यांचा कोन कमी करायचा. पाते जमिनीला समांतर असेल तर ते हवा फक्त कापते. तिरके असेल तर खाली ढकलते, पण ढकलण्यासाठी जोर लागतो. चांगल्या लाकडी पात्यांच्या पंख्यात हा कोन 12 ते 15 अंशांच्या दरम्यान असतो. दुबळ्या मोटरीच्या पंख्यात तो आठ-दहा अंशांवर आणलेला आढळतो. मोटर बेसुमार तापत नाही, फेऱ्यांचा आकडा खोक्यावर छापण्याजोगा राहतो, आणि खाली बसलेला माणूस वर पाहून म्हणतो की पंखा फिरतोय तर जोरात, मग वारा कुठे जातोय? कोन मोजायला मोठे उपकरण लागत नाही. पात्याची रुंदी मोजावी आणि त्याची एक कड दुसरीपेक्षा किती खाली आहे ते मोजावे. माझ्या पहिल्या पंख्याचे पाते 14 सेंटिमीटर रुंद आहे आणि कडांमधला फरक 2.4 सेंटिमीटर, म्हणजे कोन सुमारे 10 अंश. जुन्या पंख्याच्या तेवढ्याच रुंदीच्या पात्यात हा फरक 3.4 सेंटिमीटर आहे. तो कोन 14 अंशांचा होतो. एका सेंटिमीटरचा फरक, पण सगळी गंमत त्यात आहे.

मी तिन्ही पंख्यांखाली वाऱ्याचा वेग मोजून पाहिला. प्रयोगशाळेत ही मोजणी बंदिस्त दालनात, ठरवून दिलेल्या अंतरांवरच्या अनेक बिंदूंवर करतात. माझी मोजणी म्हणजे एक हातातले वाऱ्याचे मापक, एक वॅटमापक आणि पात्यांखाली दीड मीटरवर केंद्रापासून दूर जात घेतलेले चार बिंदू. तिन्ही पंख्यांचा घेर 132 सेंटिमीटर असल्यामुळे तुलना करण्यापुरती ती पुरेशी आहे. पहिल्या नव्या पंख्याने 62 वॅट खाऊन सरासरी सेकंदाला 1.1 मीटर वारा दिला. बिडाच्या जुन्या पंख्याने 95 वॅट खाऊन 1.7 मीटर दिला. दुसऱ्या नव्या पंख्याने, ज्याच्याविषयी पुढे लिहिणार आहे, 36 वॅटमध्ये 1.5 मीटर दिला. फेऱ्यांचे आकडे मात्र तिघांचे जवळजवळ सारखे होते : 195, 205 आणि 185. फेरे पाहून पंखा निवडणाऱ्याने हे तीन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. पंख्याची खरी तुलना करायची तर एका वॅटमागे किती हवा हलते हेच पाहावे लागते, मग ते मिनिटाला घनमीटरांत सांगितलेले असो वा घनफुटांत. ज्या पंख्याच्या कागदावर हा आकडा नाही, त्याच्या बाबतीत मी आता गृहीत धरते की तो सांगण्याजोगा नाही.

जुन्या पंख्याचे 95 वॅट वाचून कोणी म्हणेल की मग जुन्याचे एवढे कौतुक कशाला. हा आक्षेप बरोबर आहे. जुने पंखे जड होते ते काही घडवणाऱ्यांच्या थोर मनामुळे नव्हे. त्या काळी दुसरा इलाज नव्हता. छताचा विजेचा पंखा 1880 च्या दशकातला. सिंगर या शिवणयंत्रांच्या कंपनीत काम केलेले फिलिप डील यांनी शिवणयंत्राची मोटर छताला टांगण्याची कल्पना प्रत्यक्षात आणली. हंटर या अमेरिकेतल्या पंख्यांच्या कंपनीची सुरुवात 1886 ची, आणि तिचे पहिले पंखे विजेवर नव्हे, पाण्याच्या जोरावर पट्ट्यांनी फिरत. मोटरीच्या गाभ्यासाठी सिलिकॉनमिश्रित पोलाद विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वापरात आले. त्याआधीच्या लोखंडात चुंबकीय नुकसान फार होई, म्हणून लोखंड जास्त घालावे लागे. तारेवरचे सुती आणि रेशमी वेष्टन फारशी उष्णता सोसत नसे, म्हणून मोटर थंड ठेवण्यासाठी ती मोठी करावी लागे आणि तिची उष्णता शोषायला बिडाचे जाड कवच उपयोगी पडे. कवचाचा घंटेसारखा आकारही बराचसा या गरजेतूनच आला. आज आपण त्या आकाराची नक्कल करतो, पण त्याला जन्म देणारी गरज उरलेली नाही. म्हणूनच तो आतून पोकळ ठेवता येतो.

आणि ज्याला आपण ‘जुन्या जमान्याचा पंखा’ म्हणतो, त्याची प्रतिमा बरीचशी 1970 च्या दशकात पक्की झाली, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. तेलाच्या टंचाईमुळे ऊर्जा महागली, वातानुकूलन परवडेना, आणि अमेरिकेत विस्मरणात गेलेला छताचा पंखा पुन्हा आठवला. कॅसाब्लँका ही कंपनी 1974 मध्ये याच लाटेत निघाली. म्हणजे शतकाच्या सुरुवातीच्या पंख्यांच्या नकला तेव्हाच सुरू झाल्या. त्या काळच्या चांगल्या नकलांत मोटर मात्र दणदणीत असे. एमर्सन या कंपनीच्या के-55 सारख्या मोटरी जुने पंखे जमवणाऱ्या लोकांत आजही आदराने उल्लेखिल्या जातात. तेव्हा ‘नक्कल’ हा शब्द मी शिवी म्हणून वापरत नाही. नक्कल कशाची केली, एवढाच प्रश्न आहे.

बेअरिंगच्या बाबतीत मात्र नव्याचे पारडे जड आहे, निदान सोयीच्या दृष्टीने. माझ्या जुन्या पंख्यात शाफ्ट बुशमध्ये, म्हणजे धातूच्या गुळगुळीत नळीत फिरतो आणि तेलात भिजलेला असतो. हंटरच्या ‘ओरिजिनल’ या मॉडेलने ही तेलात बुडालेल्या बेअरिंगची पद्धत अनेक दशके चालवली. अशा पंख्याची शांतता अनुभवल्याशिवाय कळायची नाही : गोळ्या नाहीत, त्यामुळे गोळ्यांचा आवाज नाही, शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. पण तेल आटले तर बुश झिजतो, जास्त झाले तर थेंब खाली पडतो, आणि चुकीचे घातले तर चिकटा धरतो. डिटर्जंट नसलेले हलके खनिज तेल हवे. स्वयंपाकघरातले किंवा डोक्याला लावायचे तेल घालून लोकांनी बसवून टाकलेले पंखे मी पाहिले आहेत. नव्या पंख्यांत बहुधा 6202 आणि 6201 या क्रमांकांची बंदिस्त बेअरिंगे असतात. त्यांना तेल लागत नाही, ती कुठेही मिळतात, आणि बदलायला अर्धा तास पुरतो. माझ्या पहिल्या पंख्याची बेअरिंगे हलक्या प्रतीची होती. ती बदलल्यावर त्याचा एक आवाज गेला. एक आवाज उरला.

तो उरलेला आवाज शोधायला मला बरेच दिवस लागले. 50 हर्ट्झच्या विजेवर मोटरीचे लोखंड सेकंदाला 100 वेळा थरथरते, वारंवारतेच्या दुप्पट. हे प्रत्येक मोटरीत होते. बिडाचे जाड कवच ही थरथर गिळून टाकते, कारण बीड मुळात कंपने शोषणारा धातू आहे. यंत्रांचे पाये त्याचे ओततात ते उगीच नव्हे. पातळ पत्र्याची पोकळ घंटा मात्र तीच थरथर ढोलासारखी मोठी करून ऐकवते. कवच आणि मोटर यांच्यामध्ये रबरी वॉशर घातले, सगळे स्क्रू एकसारखे आवळले, आणि गुणगुण निम्म्याहून कमी झाली. उरलेली रेग्युलेटरची होती. विजेची लाट कापून वेग कमी करणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मोटरीला कंपनांचे अधिकच खाद्य पुरवतो. त्याच्या जागी कॅपॅसिटरच्या पायऱ्यांचा रेग्युलेटर बसवला, तेव्हा रात्री झोप लागण्याइतकी शांतता आली. जुन्या घाटाच्या पोकळ पंख्याला लाट कापणारा रेग्युलेटर जोडू नये, एवढे मी आता ठामपणे सांगू शकते.

पात्यांकडे येते. जुन्या पंख्याची पाती अखंड लाकडाची आहेत आणि वयोमानाने एक किंचित पिळली आहे, तरीही चारही टोके छतापासून तीन मिलिमीटरच्या फरकात फिरतात. पहिल्या नव्या पंख्याची पाती दाबलेल्या लाकडी भुश्श्याची, म्हणजे एमडीएफची, वर लाकडी रेषांचा कागद चिकटवलेली. दमट हवेत भुश्श्याचे पाते ओल पिते आणि स्वतःच्या वजनाने वाकू लागते. दुसऱ्या वर्षी दोन पात्यांच्या टोकांत 11 मिलिमीटरचा फरक पडला होता आणि पंखा झोकांड्या खात होता. पाती काढून तोलली तर तीन पाती 296, 298 आणि 301 ग्रॅमची भरली आणि चौथे 317 ग्रॅमचे. पात्यांचे संच कारखान्यातच वजनाने जुळवून द्यायचे असतात. म्हणून तर एका पंख्याचे पाते दुसऱ्याला लावू नये असे सांगतात. येथे ती जुळवाजुळव झालीच नव्हती, किंवा चौथ्या पात्याने ओल जरा अधिक प्याली होती. चिकटवायची छोटी वजने लावून तोल साधता येतो, पण वाकलेले पाते वजनाने सरळ होत नाही. अनेक थरांच्या प्लायवूडची पाती या बाबतीत खूप बरी. सगळ्यांत निर्धास्त म्हणजे एबीएस प्लॅस्टिकची, जरी लाकडाची नक्कल करणारे प्लॅस्टिक फिरताना पाहायला मला मनातून आवडत नाही.

पात्यांना धरणारे आकडे हा दुर्लक्षित भाग आहे. जुन्यात ते बिडाचे, तळहाताएवढे रुंद. नव्यात जस्ताच्या मिश्रधातूचे, साच्यात दाबून ओतलेले, वर नक्षी भरपूर. पण या धातूतले आटे मऊ असतात आणि स्क्रू दोन-तीन वेळा काढून घातला की मरतात. आकड्यांचे कोन एकसारखे नसतील तर पाती कितीही जुळवा, पंखा हलणारच. माझ्या पंख्याच्या चार आकड्यांत दीड अंशाचा फरक निघाला.

पितळाविषयी फार लिहीत नाही. चुंबक लावून पाहावे. चिकटला तर आत पोलादाचा पत्रा आहे आणि वर पितळी रंगाचा मुलामा. चिकटला नाही तर ते पितळ असेल किंवा जस्ताचा मिश्रधातू असेल, आणि मग स्क्रूच्या भोकातून आतला रंग पाहावा. मुलामा असणे हा गुन्हा नाही. पण माझ्या पंख्यावर काळपट छटा ब्रशने मारून कोनाकोपऱ्यांतून पुसून घेतलेली होती, म्हणजे म्हातारपणसुद्धा रंगवलेले. आणि दोन वर्षांत स्क्रूंच्या भोवती जो तांबूस गंज धरला तो मात्र अस्सल होता.

मधल्या काळात मी एक प्रयोग केला, आणि त्याने माझी शंका कायमची फिटली. पहिल्या पंख्याला प्लायवूडची चांगली पाती आणि 14 अंशांचे आकडे लावून पाहिले. तर्क असा की कोन वाढला की वारा वाढेल. झाले उलटेच : फेरे 195 वरून 140 वर आले, वारा होता तेवढाच राहिला आणि वीस मिनिटांत मोटरीला हात लावता येईना. रेंगाळणे 41 टक्क्यांवरून 58 टक्क्यांवर गेले होते. जेवढी शक्ती पात्यांना मिळत होती त्याहून अधिक फिरता भाग तापवण्यात जात होती. म्हणजे कमी कोन ही कारखान्याची चूक नव्हतीच, ती त्या मोटरीची कुवत होती. मी पाती पुन्हा बदलली. वरून सुंदर दिसणारा आणि दुबळा वारा देणारा पंखा पाती बदलून सुधारता येत नाही, हे अनेकांना ऐकावे लागेल, कारण पाती बदलून पाहण्याचा मोह सगळ्यांनाच होतो.

दुसरा नवा पंखा घेताना मी म्हणूनच कवचाकडे शेवटी पाहिले. त्यात बीएलडीसी, म्हणजे ब्रशविना चालणारी डीसी मोटर आहे : फिरत्या भागात कायमचे चुंबक, आणि वाइंडिंगला वीज पुरवणारे इलेक्ट्रॉनिक सर्किट. अशा मोटरीत स्लिप नसते, फिरता भाग क्षेत्राबरोबरच फिरतो, त्यामुळे रेंगाळण्यात जाणारी सगळी शक्ती वाचते. पाती प्लायवूडची, कोन साडेतेरा अंश. कवच अॅल्युमिनियमचे, ओतीव, आणि जे आहे ते न लपवता काळ्या रंगात रंगवलेले. सगळा पंखा मिळून सहा किलोंचाही नाही. वजनाच्या हिशेबाने हा तिघांत सर्वांत हलका, आणि जुन्या पंख्याच्या वाऱ्याच्या सर्वांत जवळ जाणारा. हवा हलवायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा केला तर पात्यांना आठव्या हिश्शाची शक्ती पुरते. या नियमाचा फायदा पहिल्या पंख्याला मिळत नाही, कारण वेग कमी केला की त्याची स्लिप वाढते : मिनिटाला 100 फेऱ्यांवरही तो 24 वॅट खातो. दुसरा 90 फेऱ्यांवर सहा वॅटच्या आत राहतो. रात्रभर मंद पंखा लावून झोपणाऱ्यांसाठी हा फरक पूर्ण वेगातल्या फरकाहून मोठा आहे.

याचे दोषही सांगितले पाहिजेत. त्याचे सर्किट वरच्या वाटीत, छताच्या उष्णतेत बसलेले असते आणि विजेचे धक्के त्यालाच आधी लागतात. मोटर वीस वर्षे चालेल. सर्किटाची मला खात्री नाही, आणि ते बिघडले तर कोपऱ्यावरचा वायरमन काही करू शकणार नाही. माझ्या जुन्या पंख्याचे वाइंडिंग दोनदा नव्याने भरले आहे. साध्या इंडक्शन पंख्याचा वेग उतरला तर बहुतेक वेळा दोष कॅपॅसिटरचा असतो. तो वयाने क्षीण होतो, 2.5 मायक्रोफॅरडचा दोनच्या खाली येतो, आणि नवा लावला की पंखा पुन्हा तरुण होतो. बीएलडीसीला हे सुख नाही. म्हणून पंखा घेतानाच मी एक सुटे सर्किट मागून घेतले आणि ते कपाटात ठेवले आहे. शिवाय बंद केल्यावर हा पंखा पटकन थांबतो. पुष्कळ लोक बंद केल्यावर पंखा किती वेळ फिरत राहतो यावरून बेअरिंगची परीक्षा करतात, आणि ती परीक्षा फसवी आहे : जड पाती उशिरा थांबतात, जास्त कोनाची पाती हवेला अडून लवकर थांबतात, चुंबकाच्या मोटरीला स्वतःचाच ब्रेक असतो. माझा सर्वांत वाईट पंखा सर्वांत उशिरा थांबतो.

पट्ट्यांवर फिरणारे पंखे, एका मोटरीवर चार-पाच पंख्यांची रांग, हेही आता नव्याने घडवले जातात. ते पाहायला मला अतिशय आवडतात. वाऱ्यासाठी ते घेऊ नयेत. पट्टा घसरतो, ताण बदलतो, आणि शेवटच्या पंख्यापर्यंत पोहोचेपर्यंत बरीच शक्ती वाटेतच संपते.

खरा जुना पंखा घेणाऱ्यांना एक इशारा द्यावासा वाटतो. माझ्या पंख्याच्या आतल्या तारांचे सुती वेष्टन हात लावताच पिठासारखे गळले होते आणि अर्थिंगची सोयच नव्हती. बिडाचे कवच म्हणजे अखंड धातू. वाइंडिंगचे वेष्टन एका जागी फाटले तरी सगळा पंखा जिवंत होतो. आम्ही सगळ्या तारा बदलल्या, कवचाला अर्थची तार जोडली, दांडीची जुनी पिन काढून नवी स्प्लिट पिन घातली आणि छतातल्या हुकापासून मोटरीपर्यंत एक वेगळी पोलादी दोरी बांधली, म्हणजे दांडी निसटली तरी पंखा खाली येणार नाही. ही दोरी नव्या पंख्यांनाही लावावी. पाती जमिनीपासून किमान सव्वादोन-अडीच मीटर आणि छतापासून 20 ते 30 सेंटिमीटर दूर असावीत. छताला चिकटवलेल्या पंख्याला वरून हवाच मिळत नाही, आणि मग उत्तम मोटरसुद्धा वाईट ठरते. जुन्या घाटाच्या पंख्यांना लांब दांडी असते ती केवळ शोभेची नाही, हे येथे कळते.

पहिला पंखा अजून टांगलेला आहे. त्याच्या पोकळ घंटेत बीएलडीसीची मोटर बसवता येईल का, असे मी त्या कारागिरांना विचारले होते. त्यांनी मोजून पाहिले : जागा भरपूर आहे, पण दांडीचे आटे वेगळे, आणि पात्यांचे आकडे धरणाऱ्या भोकांचे वर्तुळ चार मिलिमीटरने जुळत नाही. मधे घालायची एक जाड चकती लेथवर करून घ्यावी लागेल. तिचे माप मी कागदावर काढून दिले आहे.